घरच्या अभंगाचं मास्टरिंग

गायन, पेटी, तबला आणि तानपुरा, एवढ्यावर घरच्या खोलीत एक अभंग रेकॉर्ड झालाय. मिक्सही मनासारखं जमलंय. तरी मोबाईलवर इतर गाण्यांच्या पाठोपाठ लावलं की ते दबलेलं, जरासं गढूळ वाटतं. इथून पुढचं काम मास्टरिंगचं, आणि आज ते संगणकावरच्या चार-पाच प्लगइनमध्ये होतं.

आधी मिक्स 24 बिटच्या वेव्ह फाइलमध्ये काढून घ्या. सगळ्यात मोठा आघात शून्याच्या 3 ते 6 डेसिबल खाली असू द्या आणि मास्टर चॅनलवर लिमिटर लावला असेल तर तो काढा. मग नव्या प्रोजेक्टमध्ये ही फाइल घ्या आणि शेजारच्या ट्रॅकवर तुम्हाला आवडणारं, उत्तम ध्वनिमुद्रण झालेलं एखादं गाणं ठेवा. त्याचा आवाज तुमच्या मिक्सइतका उतरवून घ्या. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आवाज जरा वाढला की कानाला सगळंच सरस वाटतं. प्रत्येक प्लगइन पारखतानाही हेच करायचं: त्याने वाढवलेला आवाज आउटपुटला तेवढाच कमी करायचा, आणि मग तो चालू-बंद करून ऐकायचं.

पहिला ईक्यू. 30 हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाका. तिथे माईकच्या स्टँडला बसलेले धक्के आणि रस्त्यावरच्या ट्रकची थरथर असते, संगीत नसतं. लहान खोलीचा गढूळपणा बहुधा 200 ते 400 हर्ट्झमध्ये साचतो. तिथे एक-दीड डेसिबल कमी केलं तरी गाणं मोकळं होतं. तीनहून जास्त काढावंसं वाटलं, तर दोष मिक्समध्ये आहे असं समजा आणि तिथेच दुरुस्त करा. पेटीचे सूर वरच्या सप्तकात तेवढेच टोचत असतील, तर डायनॅमिक ईक्यू वापरा. तो टोचेल त्या क्षणीच दाबतो, एरवी हात लावत नाही. टोकियो डॉन लॅब्जचा ‘नोव्हा’ फुकट मिळतो आणि या कामाला पुरेसा आहे.

आता कम्प्रेसर. घरच्या रेकॉर्डिंगची खरी नासाडी इथे होते. कम्प्रेसर ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज दाबतो. पण मास्टरवर तो एकट्या वाद्याला दाबत नाही, सगळ्यांना एकदम दाबतो. तबलजीने डग्ग्यावर ‘घे’ घुमवला की त्या खर्जात प्रचंड ऊर्जा असते. कम्प्रेसर तिच्यावर झडप घालतो आणि डग्ग्याबरोबर तानपुराही खाली जातो, मग घुमारा ओसरला की वर येतो. ठेका चालू असताना तानपुरा असा धापा टाकताना ऐकू आला, तर कारण हेच. त्यावरचा उपाय म्हणजे साइडचेन फिल्टर: तो 120 ते 150 हर्ट्झवर ठेवला की कम्प्रेसर निर्णय घेताना त्याखालचा खर्ज मोजतच नाही. रेशो दीडास एक किंवा दोनास एक, अटॅक 30 मिलिसेकंदांच्या आसपास, आणि किती दाबलं ते दाखवणारा काटा एक-दोन डेसिबलपेक्षा जास्त हलू नये.

शेवटी लिमिटर. ठरवलेल्या पातळीच्या वर तो काहीही जाऊ देत नाही. ती मर्यादा शून्यावर न ठेवता, ट्रू पीक मोजणी चालू करून, उणे 1 डेसिबलवर ठेवा. कारण स्ट्रीमिंगसाठी फाइल आकसली जाते तेव्हा शिखरं थोडी उंचावतात. आता इनपुट किती वाढवायचं? लिमिटर सगळ्यात आधी छाटतो ती चाटेवरच्या ‘ना’ची धार. ती बोथट झाली की तबला खोक्यावर वाजवल्यासारखा होतो. ‘ना’ ऐकत इनपुट वाढवा आणि धार जायला लागली की मागे या.

मोठ्या आवाजाचा हव्यास आता व्यर्थही आहे. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी सुमारे उणे 14 एलयूएफएसवर (हे कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आणून वाजवतं. तुम्ही उणे 8 पर्यंत ठासून भरलेलं गाणं तिथे 6 डेसिबल खाली उतरतं, आणि चेंगरलेला ‘ना’ तेवढा उरतो. 2008 साली मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम आला तेव्हा ‘गिटार हीरो’ या खेळातली त्याच गाण्यांची कमी दाबलेली आवृत्ती चाहत्यांना अधिक जिवंत वाटली होती. अभंगाला उणे 14 ते 16 पुरे. यूलीनचा फुकटचा मीटर हा आकडा दाखवतो.

सीडीसाठी 16 बिटची फाइल हवी असेल तर अगदी शेवटी, एकदाच डिदर (बिट कमी करताना येणारा दोष झाकणारा हलका गोंगाट) लावा.

मग मोबाईलच्या स्पीकरवर ऐका. त्यातून 100 हर्ट्झ जवळजवळ येतच नाही, त्यामुळे डग्गा गायब झालेला आढळेल. मास्टरवर खर्ज वाढवू नका. मिक्समध्ये जाऊन फक्त डग्ग्याच्या ट्रॅकवर हलकं सॅच्युरेशन द्या, म्हणजे त्याचे वरचे स्वरांश छोट्या स्पीकरलाही पकडता येतात. नवी फाइल काढा आणि लिमिटरचं इनपुट पुन्हा तपासा, कारण डग्गा बदलला की तेही बदलावं लागतं.