पैसे सुटण्याआधीचा होकार

एटीएममध्ये कार्ड सरकवून आकडा दाबला, की यंत्र आधी बँकेला विचारते. हा प्रश्न ‘स्विच’ नावाच्या संगणकव्यवस्थेतून बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत जातो. तिथे खाते आणि शिल्लक तपासली जाते, होकार परत येतो आणि मगच नोटा बाहेर पडतात. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला तो याच वाटेवर. घुसखोरांनी यंत्रणेत एक खोटा स्विच उभा केला होता आणि मुख्य प्रणालीला न विचारता तोच मागणीला होकार देत राहिला. बनावट कार्डे घेतलेल्या माणसांनी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. भारतातही काढले, अगदी कोल्हापुरातसुद्धा. १३ ऑगस्टला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले.

खरा प्रश्न खऱ्या माणसापर्यंत पोचू द्यायचा नाही आणि उत्तर मधल्यामध्ये आपणच द्यायचे, ही रीत लहान कार्यालयातही जशीच्या तशी चालते. तिथे खोट्या स्विचचे काम ईमेल करते. माल पुरवणाऱ्या कंपनीच्या मेलपेटीचा पासवर्ड चोराला मिळालेला असतो. तो लगेच काही करत नाही. कोणते बिल कधी निघते, पत्रात कोण कोणाला काय म्हणते, हे वाचत बसतो. मग नेमक्या देय तारखेला पत्र येते : ‘ऑडिटमुळे आमचे नेहमीचे खाते सध्या बंद आहे, रक्कम खालील खात्यात भरावी.’ बिल तेच, शिक्का तोच, बदललेला असतो फक्त खाते क्रमांक. कधी पत्ताही जवळजवळ तोच असतो. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी टंकले, तर घाईतल्या नजरेला फरक कळत नाही. अकाउंटंटला शंका आली आणि त्याने त्याच मेलला उत्तर देऊन खात्री करून घेतली, तर ‘होय, बरोबर आहे’ असे कळवणारा चोरच असतो.

म्हणून खात्री दुसऱ्या वाटेने करावी लागते. खाते क्रमांक बदलल्याचे कळले, की जुन्या फाइलीत किंवा आधीच्या बिलावर असलेल्या नंबरवर फोन करून ओळखीच्या माणसाशी बोलावे. नव्या पत्रात दिलेला नंबर त्यासाठी कामाचा नाही. बँकांच्या व्यावसायिक नेटबँकिंगमध्ये ‘मेकर-चेकर’ सोय असते : एकाने व्यवहार भरायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा. मात्र अनेक ठिकाणी दोन्ही पासवर्ड एकाच टेबलाच्या खणात असतात, आणि मग ती सोय नसल्यासारखीच. मेलपेटीला पासवर्डबरोबर दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावली, तर नुसता पासवर्ड चोरून भागत नाही.

ही दुसरी वाट बंद करणे हे चोराचे मुख्य काम. मालकाचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲपवर निरोप येतो, ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, हे पेमेंट लगेच सोडा.’ ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देणारा तोतया पोलीसही व्हिडिओ कॉल तोडू देत नाही, घरच्यांना सांगू देत नाही. भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूदच नाही. पण घाबरलेल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाला हे सांगायला शेजारच्या खोलीतला मुलगा हवा, आणि नेमके त्यालाच दूर ठेवलेले असते. तातडी आणि गुप्तता एकत्र मागितली जात असेल, तर तिथेच फोन ठेवावा. पैसे मिळणार म्हणून कोणी यूपीआय पिन टाकायला सांगितला तरीही ठेवावा; तो पिन पैसे घेण्यासाठी लागत नाही.

डेटा ओलीस धरणाऱ्या रॅन्समवेअरची गोष्ट थोडी वेगळी. मे २०१७ मधल्या ‘वॉनाक्राय’ने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती; ज्यांनी विंडोज अद्ययावत केले नव्हते, ते सापडले. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ या दुसऱ्या हल्ल्यामुळे न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम कोलमडले. इथे उपयोगी पडते ती संगणकापासून सोडवून कपाटात ठेवलेली डेटाची प्रत. कायम जोडलेली हार्ड डिस्क संगणकाबरोबरच कुलूपबंद होऊ शकते.

पैसे गेलेच, तर मिनिटे मोजावी लागतात. चोरीची रक्कम भाड्याच्या खात्यांतून पुढे पुढे सरकत असते आणि वाटेत गोठवली तरच हाती लागते. लाज गिळून लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, बँकेला व्यवहाराचा संदर्भ क्रमांक कळवावा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच ठिकाणची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर बोजा येत नाही. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, त्यानंतरचे बँकेचे. कंपन्यांनी हल्ल्याची माहिती सहा तासांत ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला द्यावी, असा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. बाधित संगणकाची नेटवर्कची वायर काढावी; तो फॉरमॅट मात्र करू नये, कारण चोर कोणत्या वाटेने आत आला याच्या खुणा त्याच यंत्रात असतात.