भादव्याचे ऊन आणि कचेरीचे पंचांग

मृग निघाला, की उन्हाळ्याचा विषय जिल्ह्याच्या दप्तरात जो एकदा बासनात बांधला जातो, तो पुढच्या फाल्गुनापर्यंत सहसा कोणी सोडीत नाही. आणि सरकारी दृष्टीने पाहिले तर त्यात वावगेही काही नाही, कारण हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे सपाटीच्या प्रदेशात उष्णतेची लाट ठरण्यासाठी कमाल तापमान निदान 40 अंशांवर जाऊन सरासरीहून 4.5 अंशांनी तरी अधिक भरावे लागते, किंवा सरळ 45 अंशांची मजल गाठावी लागते. आश्विनातला पारा एवढा चढत नाही. परंतु नंदुरबार, शहादा, तळोदा या तापीकाठच्या सपाट मुलुखात ज्याने उघड्यावर काम केले आहे, त्याला वैशाखाच्या उन्हापेक्षा भादव्याचे ऊन अंगाला अधिक झोंबते हे सांगावे लागत नाही. पारा खाली असूनही जीव कासावीस का व्हावा, याचे उत्तर उन्हात नसून ओलाव्यात आहे.

मोसमी पावसाची माघार पश्चिम राजस्थानातून सुरू होते. पूर्वी तिची सर्वसाधारण तारीख 1 सप्टेंबर धरीत. 2020 पासून ती 17 सप्टेंबर धरतात, आणि मुंबईतून पाऊस निघण्याची तारीख 8 ऑक्टोबर मानतात. म्हणजे उत्तरा नक्षत्र सरून हस्त लागतो, त्या सुमारास आपल्याकडे आभाळ निवळू लागते, वारा पडतो, आणि जून ते सप्टेंबर भिजलेल्या काळ्या जमिनीवर स्वच्छ आकाशातले ऊन थेट येऊन त्या जमिनीतल्या पाण्याची वाफ करू लागते. ही वाफ वाहून न्यायला वारा नसतो, म्हणून ती माणसांभोवतीच रेंगाळते. पावसाने मध्येच ओढ दिली तर हाच प्रकार श्रावणातही अनुभवास येतो. 2023 चा ऑगस्ट तर देशभराच्या सरासरीने 1901 पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता.

आता देहाचा हिशेब पाहू. अंगावरचा एक लिटर घाम संपूर्ण सुकला, तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर नेतो. वैशाखाच्या कोरड्या हवेत घाम आला आला म्हणेपर्यंत सुकतो. भादव्यात मात्र हवाच ओली असल्याने तो नुसता निथळतो. पाणी आणि मीठ खर्ची पडते, पण थंडाव्याची जमा होत नाही. 32 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता एकत्र आली, की सावलीत बसलेल्या माणसालाही सुमारे 41 अंशांसारखे वाटते, असे उष्णता निर्देशांकाचे कोष्टक सांगते. उन्हात उभे राहिल्यास त्यात आणखी भर पडते. शिवाय चैत्र-वैशाखात अंगी मुरलेली उन्हाची सवय पावसाळ्याच्या ढगाळ आठवड्यांत ओसरून गेलेली असते, आणि ती पुन्हा बाणायला एक-दोन आठवडे तरी लागतात.

नेमक्या याच सुमारास नंदुरबारच्या मिरचीचा हंगाम तोंडावर येतो. ओली लाल मिरची बाजारात उतरते, आणि शहराभोवतालच्या मोकळ्या जमिनींवर तिच्या पथाऱ्या पसरतात. या पथारीला सावली वर्ज्य, कारण ऊन हेच तिचे भांडवल. पसरलेल्या मिरचीतला ओलावा वर येत असतो, तिच्या खाटाने डोळे चुरचुरतात, ठसका लागतो. म्हणून मिरची खालीवर करणाऱ्या आणि देठ खुडणाऱ्या बाया नाकातोंडावरून फडके गच्च आवळून घेतात, आणि घाम सुकायला उरलेली थोडीशी कातडीही त्या फडक्याखाली जाते. तहान लागली तरी फडके सोडून, मिरचीचे हात धुऊन, दूरच्या माठापाशी जायचे म्हणजे कामाचा खोळंबा. तेव्हा तहान मारली जाते. परतीच्या पावसाने माल भिजू नये म्हणून मालक घटकाघटकेला आभाळ न्याहाळतो, ते रास्तच आहे. पण त्या आभाळाखाली वाकलेल्या माणसाची पाहणी करण्याची रीत अद्याप पडलेली नाही.

या जिल्ह्यात तहान मारण्याला आणखी एक भयंकर बाजू आहे. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार बराच आढळतो. अशा रुग्णाच्या शरीरातले पाणी कमी झाले, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडासांध्यांतून असह्य कळा सुरू होतात. इतरांना जे शोष पडण्यावर निभावते, तेच अक्कलकुवा-धडगावकडून मजुरीला उतरलेल्या एखाद्या तरुणाला दवाखान्याच्या खाटेवर नेऊन टाकू शकते.

उपाय अवघड नाहीत. मेहनतीचे काम सकाळी लवकर उरकावे, दुपारी विसावा घ्यावा, पाणी तहान लागण्यापूर्वीच थोडे थोडे प्यावे, घाम फार गेला तर जलसंजीवनी घ्यावी. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. चमचा चहाचाच हवा. मात्र माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा शुद्ध हरपून अंग तव्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा, मग घाम येत असला तरी. तेव्हा 108 ला कळवावे, आणि गाडीची वाट पाहत हातावर हात ठेवून न बसता त्याला सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर पाणी ओतीत वारा घालावा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये.

कलेक्टर कचेरीने उष्णतेच्या आराखड्याची मुदत जूनमध्ये न संपवता दिवाळीपर्यंत वाढवावी, आणि तीत पाऱ्याबरोबर आर्द्रतेचीही नोंद धरावी, असे सुचवावेसे वाटते. पथारीच्या मालकांनी तर हुकमाचीही वाट पाहू नये. मिरची झाकण्यासाठी आणलेल्या ताडपत्र्यांपैकी एक चार बांबूंवर ताणावी, आणि पाण्याचा माठ तिच्याखाली, बायांच्या हाताशी आणून ठेवावा.