पूरपट्ट्यात जुनी गाडी जपताना

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाच्या शिरोळ तालुक्यात २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे महापूर आले. इथं फियाट, ॲम्बेसेडरचे सुटे भाग पोटमाळ्यावरच हवेत.

पुरात बुडालेलं इंजिन कृपा करून लगेच चालू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा, ऑइल सोडा. गाळ बोअरवर पॉलिश पेपरसारखा घासतो; तो पूर्ण धुतल्याशिवाय क्रँक फिरवू नये.

उघडलेल्या इंजिनाच्या मेन बेअरिंगच्या कॅप अदलाबदल करायच्या नसतात, कारण त्या ब्लॉकला बसवूनच बोअर केलेल्या असतात. म्हणून क्रमांक आणि दिशा खुणेनं नोंदवा. पुशरॉडसाठी खोक्याच्या पुठ्ठ्याला आठ भोकं पाडली की क्रम चुकत नाही. क्रँकच्या जर्नलला घामट बोटं लावू नका. त्याच ठशावर गंज धरतो. ऑइल चोपडून, मेणकागदात गुंडाळून क्रँक उभा बांधून ठेवा. रबरी सील मात्र तेल-उन्हापासून दूर.

न मिळणारी बुशिंग कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घेता येतात. नमुन्यासाठी झिजलेलं बुशिंगही जपून ठेवा.