अब्दालीचे घराणे : तख्त आणि तनखा

लोहगडवाडीतून गडाची वाट धरली की एकामागून एक चार दरवाजे लागतात आणि मग माणूस माथ्यावर येतो. तेथे नाना फडणिसांच्या वेळची बांधकामे अजून पाहावयास मिळतात. हेच नाना 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर होते. वय अवघे 18 वर्षांचे. बरोबर आलेली आई त्या धुमाळीत गेली, नाना कसेबसे जिवानिशी परतले. पुढे आपला पैसाअडका त्यांनी या लोहगडावर ठेवला.

पानिपतावर व्याख्याने पुष्कळ झाली आहेत. भाऊसाहेब कोठे चुकले हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगते. पण समोर होता तो कोण, त्याचे राज्य कशावर उभे होते आणि एवढा विजय मिळवूनही ते 60 वर्षांच्या आत का कोसळले, हे आम्ही फारसे विचारीत नाही. आमचे सारे आयुष्य कामगारांच्या पगाराचे हिशेब मागण्यात गेले. म्हणून याही घराण्याकडे आम्ही त्याच खिडकीतून पाहणार आहोत.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपण अब्दालीच्या लोकांना ‘गिलचे’ म्हणतो. हा शब्द ‘घिलझाई’ या पठाण जमातीवरून आला. पण अहमदखान हा अब्दाली जमातीचा, आणि घिलझाई हे अब्दालींचे जुने प्रतिस्पर्धी! अब्दालींमध्ये पोपलझाई, त्यांतही सदोझाई हे त्याचे कूळ.

1738 साली इराणच्या नादिरशहाने कंदाहार जिंकले आणि तेथे कैदेत असलेला हा तरुण त्याच्या चाकरीस लागला. थोड्याच वर्षांत तो अब्दाली घोडदळाचा सरदार झाला. जून 1747 मध्ये नादिरशहाचा त्याच्याच माणसांनी छावणीत खून केला. अहमदखान आपले स्वार घेऊन निसटला तो थेट कंदाहारकडे. कोहिनूर हिरा त्याच्या हाती लागला तो याच वेळी. कंदाहारजवळ जमातींच्या प्रमुखांची सभा, म्हणजे जिरगा, भरली. बरकझाईंचा हाजी जमालखान वजनाने मोठा. परंतु त्याने आपला हक्क सोडला. सदोझाई कूळ मानाचे खरे, पण संख्येने लहान. आवरावयास सोपा राजा निवडावा, असाही हिशेब काहींनी केला असेल. एका फकिराने अहमदखानाच्या डोक्यावर धान्याचा तुरा खोवला अशी कथा आहे. त्याने ‘दुर्र-इ-दुर्रान’, म्हणजे मोत्यांतला मोती, हा किताब घेतला आणि सारी अब्दाली जमात दुराणी झाली.

आता खरा प्रश्न. राजा निवडला, पण तिजोरी कोठे होती? नशिबाने नादिरशहाकडे निघालेला एक खजिना कंदाहारात आयता सापडला आणि अहमदशहाने तो सरदारांत वाटला. या राज्याची रीत त्याच दिवशी पडली म्हणा ना. दुराणी सरदारांच्या जमिनी जवळजवळ करमुक्त. त्याबदली त्यांनी स्वार पुरवावयाचे. कराचा भार दुराणी नसलेल्या कष्टकरी शेतकऱ्यांवर, आणि मोठी मिळकत पंजाब, मुलतान, सिंध, काश्मीर येथली. घरचे उत्पन्न तोकडे, म्हणून राजाने दर दोन-चार वर्षांनी सिंधू ओलांडलीच पाहिजे! 1757 साली दिल्ली लुटली गेली आणि मथुरेत कत्तल झाली, ती याच रहाटीत.

पानिपताच्या दोन्ही बाजूंना पगार थकलेला होता. ऑगस्ट 1760 मध्ये भाऊसाहेबांनी दिल्लीच्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून फौजेला पैसा दिला. तिकडे जय मिळाल्यावर अब्दालीचे शिपाईच थकबाकीसाठी आणि घरी परतण्यासाठी अडून बसले. मार्च 1761 मध्ये तो दिल्ली सोडून गेला. ज्या पंजाबासाठी एवढे रक्त सांडले, तेथे 1765 साली शिखांनी लाहोर घेतले.

अहमदशहा 1772 साली वारला. तो पश्तू भाषेत कविता करी, हेही सांगितले पाहिजे. मुलगा तैमूरशहा याने सरदारांचा जाच चुकविण्यासाठी राजधानी कंदाहारहून काबूलला नेली आणि किझिलबाश पहारा पदरी ठेवला. त्याने नवा मुलूख मिळविला नाही, पण आहे ते बरेचसे टिकविले. 1793 मध्ये तो गेला तेव्हा मागे वीसहून अधिक मुलगे होते आणि वारस ठरविलेला नव्हता.

त्यांपैकी जमानशहा तख्तावर आला. 1797 च्या सुमारास तो लाहोरपर्यंत येताच कलकत्त्याचे इंग्रजही धास्तावले. पुण्यात नाना अजून हयात होते. परंतु 1799 साली जमानशहाने बरकझाईंचा प्रमुख पायंदाखान याला ठार केले. ज्या घराने हक्क सोडून सदोझाईंना राज्य दिले, त्याच घरावर तलवार! पायंदाखानाचा मुलगा फत्तेखान याने शहाचा सावत्र भाऊ महमूद याला उभे केले. जमानशहाचे तख्त गेले आणि डोळेही काढले गेले.

1809 मध्ये पेशावरच्या दरबारात शाहशुजाला भेटावयास आलेला इंग्रज वकील म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. होय, पुढे 1811 साली पुण्यास रेसिडेंट म्हणून आला तोच. शुजाने त्याच वर्षी राज्य गमावले आणि 1813 मध्ये कोहिनूर रणजितसिंगाच्या हवाली केला. 1818 साली फत्तेखानाला आधी आंधळे करून मग मारण्यात आले. त्याचे भाऊ चवताळून उठले आणि काबूल सदोझाईंच्या हातून गेले. त्याच साली पेशवाई बुडाली आणि हा लोहगडही इंग्रजांकडे गेला. मुलतान 1818 त, काश्मीर 1819 त रणजितसिंगाने घेतले. मिळकतीची ठाणी गेल्यावर स्वारांना द्यावयाचे काय?

1839 साली इंग्रजांनी शाहशुजाला पुन्हा काबूलला बसविले. त्या फौजेत मुंबई इलाख्याचीही पलटण होती. खिंडी मोकळ्या राहाव्यात म्हणून घिलझाई प्रमुखांना पैसा मिळे. 1841 साली काटकसरीसाठी इंग्रजांनी तो निम्म्यावर आणला. प्रमुखांनी खिंडी बंद केल्या. जानेवारी 1842 मध्ये काबूलहून निघालेली इंग्रज फौज वाटेतच कापली गेली आणि एप्रिलमध्ये शुजाही मारला गेला.

पायंदाखानाच्या वंशजांनी पुढे, 1929 सालचे काही महिने वगळता, 1973 पर्यंत अफगाणिस्तानावर राज्य केले. शेवटचा राजा जहीरशहा इटलीत असताना त्याचा चुलतभाऊ दाऊदखान यानेच राजेपद मोडीत काढले.