बाळाचा पाणावलेला डोळा आणि अडलेला श्वास

झाशीच्या राजवाड्यात १८५१ मध्ये राणी लक्ष्मीबाईंना मुलगा झाला. पण अवघ्या चार महिन्यांत ते बाळ गेले. तेव्हा राजवाड्यातही जी वैद्यकीय मदत नव्हती, ती आज साध्या कुटुंबालाही मिळू शकते. मात्र बाळाची कोणती खूण साधी आणि कोणती धोक्याची, हे घरातल्या मोठ्यांना ओळखता यायला हवे.

डोळा का वाहतो?

डोळ्यातले पाणी नाकाजवळच्या कोपऱ्यातून एका बारीक नळीवाटे नाकात उतरते. काही बाळांच्या या नळीच्या खालच्या टोकाशी जन्मतः पातळ पडदा राहिलेला असतो. मग बाळ रडत नसतानाही डोळा पाणावतो, चिपडे येतात, सकाळी पापण्या चिकटतात. शंभरातल्या साधारण सहा बाळांना हा त्रास होतो आणि त्यांपैकी बहुतेकांचा वर्षभरात आपोआप बरा होतो.

तोवर मालिश करावी. नखे कापून, हात स्वच्छ धुऊन, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोट टेकवावे आणि हलका दाब देत नाकाच्या कडेने खाली आणावे. असे पाच-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. पहिल्यांदा डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. चिपडे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसावीत. वर्षानंतरही डोळा वाहत राहिला, तर बारीक सळई घालून नळी मोकळी करतात.

आजीबाईंनी कितीही आग्रह केला, तरी काजळ घालू नये. त्यात शिसे असू शकते. दूध किंवा मधही डोळ्यात घालू नये. पहिल्या महिन्यात डोळा लाल होऊन पू आला, बाळ उजेडाकडे डोळे मिटू लागले किंवा बुबुळ मोठे, धुरकट दिसले, तर थांबू नये.

डोळ्याचा दोष, श्वासाला त्रास

सुरुवातीचे काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. क्वचित अश्रूंची पिशवी फुगून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली निळसर गाठ दिसते. तीच फुगवटी नाकाच्या आतही उतरते. दोन्ही बाजूंना असे झाले, तर दूध पिताना बाळाचा श्वास कोंडतो. अशा गाठीवर घरी मालिश न करता लगेच रुग्णालय गाठावे. बाळ शांत असताना किंवा पिताना निळे पडत असेल आणि रडल्यावर गुलाबी होत असेल, तर नाकाची मागची वाट जन्मतः बंद असण्याची शक्यता असते.

साध्या चोंदलेल्या नाकाला पाजण्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलेले मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात. नाकात तेल सोडू नये, कापूर किंवा बाम लावू नये. थंडीत बंद खोलीत शेगडी वा धुरी तर मुळीच नको.

श्वास मोजा

बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांखालच्या बाळाचा आकडा ६० किंवा अधिक आला, तर पुन्हा मोजावा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला, तर ते धोक्याचे. छाती आत ओढली जाणे, नाकपुड्या फुलणे, कण्हणे, ओठ निळे होणे, दूध न ओढणे, यांपैकी एकही खूण दिसली की १०८ ला फोन करावा.

भीती कशाची बाळगावी?

१५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयातील नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि १० बाळे दगावली. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातही आगीने १० बाळे हिरावली होती. हे ऐकून बाळाला तिथे ठेवायला आईचे मन धजावत नाही, यात नवल नाही. पण श्वास अडलेल्या बाळाला घरी ठेवणे त्याहून फार धोक्याचे. दाखल करताना बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे आहे आणि आग विझवण्याच्या नळकांड्यांची मुदत संपली तर नाही ना, हे जरूर विचारावे. तो पालकांचा हक्कच आहे.

सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळावर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून मोफत उपचार होतात. तेव्हा पैशाच्या विचाराने रात्र काढू नका. पाणावलेला डोळा वर्षभर वाट पाहू शकतो. श्वास मात्र सकाळपर्यंतही थांबत नाही.