पदपथावरील बिऱ्हाडें

मुंबईच्या पदपथांवर रात्रीं निजणारीं माणसें पाहून ‘आळशी, भिकारी लोक’ असा शेरा मारणारे सद्गृहस्थ आमच्या परिचयाचे पुष्कळ आहेत. त्यांस आम्ही इतकेंच विचारतों कीं, आपल्या दुकानाचा माल वाहणारा हमाल रात्रीं कोठें निजतो, याचा तपास आपण कधीं केला आहे काय? गांवीं शेतीवर पोट भरेना म्हणून तो शहरांत आला. काम मिळालें, पण खोलीचें भाडें त्याच्या मजुरीच्या आटोक्यांत नाहीं, आणि स्वस्त जागा दूर असल्यानें तेथें राहिल्यास मजुरीच बुडते. तेव्हां तो कामाजवळ निजतो. यांत आळस कोठें आला?

सन १९८१ मध्यें ऐन पावसाळ्यांत या लोकांस हांकलण्याचा घाट सरकारनें घातला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, व उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कांतच येतो असें १९८५ सालीं ठरलें. मात्र पदपथ अडविण्याचा हक्क न्यायालयानें मानला नाहीं. तत्त्व थोर खरें. पण त्याच्या आडोशास निजतां येत नाहीं! पुढें २०१० मध्यें त्याच न्यायालयानें मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागें एक निवारा हवा, असें बजावलें. दुसऱ्याच वर्षींच्या खानेसुमारींत एकट्या मुंबईंत अर्ध्या लाखाहून अधिक बेघर मोजले गेले.

हे निवारे शहराच्या वेशीवर बांधाल तर ते ओसच पडतील. ते मंडईजवळ, स्टेशनाजवळ हवेत, व कुटुंबकबिल्यासाठींही हवेत. पालिकेनें जागा द्यावी. आणि ज्यांच्या वखारी रात्रीं कुलुपबंद असतात त्या व्यापारी मंडळींनीं आपल्याच हमालांकरितां एखादी पडवी तरी उघडावी.