विश्लेषण : पार्किन्सन्सच्या ‘बेशिस्त’ प्रथिनाला आकार कोण देते?

पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या चेतापेशींत ‘लेवी बॉडीज’ नावाच्या गाठी आढळतात. त्यांचा मुख्य घटक अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन आहे, हे १९९७ मध्ये स्पष्ट झाले. तेव्हापासून औषध संशोधकांची नजर या प्रथिनावर आहे. अडचण एकच, त्याला ठरावीक आकारच नाही.

आकार नसणे म्हणजे काय?

शाळेत प्रथिने शिकवताना कुलूप-किल्लीचे उदाहरण हमखास येते. १४० अमिनो आम्लांची ही साखळी मात्र द्रावणात सुटलेल्या दोऱ्यासारखी सतत हलत राहते. औषधाचा रेणू बसवायला खाच लागते. इथे खाच टिकतच नाही.

पेशीपटलावर काय घडते?

पेशीपटल मेदरेणूंच्या दोन थरांचे असते, पण सगळे मेदरेणू सारखे नसतात. फॉस्फॅटिडिलसेरीनसारख्या काहींच्या टोकाला ऋणभार असतो. अल्फा-सिन्युक्लिनच्या सुरुवातीच्या भागात धनभारित लायसिन जागोजागी आहे. दोघे एकमेकांकडे ओढले जातात आणि साधारण पहिली ९० ते १०० अमिनो आम्ले स्प्रिंगसारखी वळून पटलावर आडवी होतात. स्प्रिंगची तेलकट बाजू मेदाच्या थरात रुतते. शेपूट मोकळेच राहते. ऋणभारित मेद नसतील तर ही पकड बरीच सैल पडते.

वक्रतेचाही हात आहे. चेतापेशींच्या टोकाशी रासायनिक संदेश साठवणाऱ्या पिशव्या जेमतेम ४० नॅनोमीटरच्या असतात. इतक्या तीव्र वळणावर मेदरेणूंत फटी पडतात आणि प्रथिनाला शिरायला जागा मिळते.

मग पटल रक्षक की गुन्हेगार?

दोन्ही, आणि सारे प्रमाणावर अवलंबून. मेद भरपूर असेल तर प्रत्येक साखळीला जागा मिळते, गाठी होणे मंदावते. मेद कमी आणि साखळ्या जास्त झाल्या, की पटलावरच्या गर्दीत त्या एकमेकींना चिकटू लागतात. ऋणभारित मेदाच्या कृत्रिम पिशव्यांवरील प्रयोगांत गाठींची पहिली बीजे तयार होण्याचा वेग किमान हजार पटींनी वाढल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

परीक्षानळीतले निष्कर्ष मेंदूला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे खरे. पण मेदाकडे बोट दाखवणारा आणखी एक धागा आहे. पार्किन्सन्सचा धोका वाढवणाऱ्या जनुकीय बदलांपैकी सर्वाधिक आढळणाऱ्यांत जीबीए-१ जनुकातील बदल येतात. या जनुकावरून तयार होणाऱ्या विकराचे काम आहे, लायसोसोममध्ये एका विशिष्ट मेदाचे विघटन करणे.